हॉलच्या छतातले आठ दिवे

डोंबिवलीतला आमचा फ्लॅट १९९६ सालचा. हॉल सोळा बाय अकरा फुटांचा, मधोमध पंखा आणि पंख्यापासून दोनेक फुटांवर छताला चिकटलेला काचेचा गोल दिवा. पंखा चालू असला की पात्यांच्या सावल्या चारही भिंतींवर फिरत राहायच्या. इतक्या वर्षांत आमच्या ते लक्षातही येईनासं झालं होतं. पण आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि त्या सावल्यांनी तिला गरगरायला लागलं. २०२४ च्या गणपतीत, ७ सप्टेंबरच्या संध्याकाळी, तिने आरतीच्या आधी पंखा बंद करायला सांगितला. सगळे घामाघूम झाले, आणि आपल्यामुळे सगळ्यांना त्रास होतो म्हणून ती नंतर कितीतरी वेळ गप्प बसून होती. गौरी-गणपतींचं विसर्जन झालं त्याच रात्री मी ठरवलं, हा दिवा काढायचा आणि छतात बसणारे लहान दिवे घ्यायचे. आपल्याकडे कुणी त्यांना कन्सील लाइट म्हणतं, कुणी डाउनलाइट.

मला वाटलं होतं, शनिवार-रविवारचं काम आहे, फार तर वीस हजार लागतील. प्रत्यक्षात अडीच महिने लागले आणि चाळीस हजारांच्या वर खर्च झाला. सुरुवातीला मला कोणी नीट सांगणारं भेटलं नाही, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

पहिला माणूस आला तो ओळखीतून. छताकडे बघून म्हणाला, स्लॅबमध्ये चार-चार इंचांची खाच मारू, दिवे आत बसतील, फॉल्स सीलिंगचा खर्च वाचेल. मला त्यातलं काही कळत नव्हतं, तरी पोटात गोळा आला. स्लॅब असतो पाचेक इंचांचा, आणि त्याच्या खालच्या अंगाला सळ्या असतात. तिथे खाच मारायची म्हणजे बिल्डिंगच्या हाडाला हात घालायचा. असं कोणी सुचवलं तर त्याला चहा पाजून निरोप द्या. दिवा छताच्या आत बसवायचा असेल तर स्लॅबच्या खाली दुसरं छत घ्यावंच लागतं, जिप्समचं किंवा पीओपीचं. ते नको असेल तर स्लॅबला बाहेरून लागणारे सरफेस लाइट मिळतात आणि तेही वाईट दिसत नाहीत.

२२ सप्टेंबरच्या रविवारी आमच्या भागातले एक जुने वायरमन काका आले. त्यांच्याकडे वायरमनचा सरकारी परवाना आहे का, हे मी फोनवरच विचारलं होतं. विचारताना अवघडल्यासारखं झालं, पण त्यांनी न रागावता कार्ड दाखवलं. पुढे सोसायटीच्या अर्जाला त्याचीच झेरॉक्स लागली. काकांनी आधी जुन्या दिव्याचं बटण बंद केलं, स्टुलावर चढून होल्डरला टेस्टर लावला, आणि टेस्टर पेटला.

"ताई, बटण न्यूट्रलवर आहे. बटण बंद असलं तरी फेज वर येतोच आहे."

फेज ही वीज आणणारी वायर, न्यूट्रल परतीची. म्हणजे इतकी वर्षं आम्ही बटण बंद करून, सुरक्षित समजून, जिवंत होल्डरमध्ये हात घालत होतो. माझे बाबा होते तोवर बल्ब तेच बदलायचे, लोखंडी स्टुलावर उभे राहून. त्या दिवशी दुपारचं जेवण मला नीट गेलं नाही. बटण नेहमी फेजवर असावं लागतं. बंद केल्यावरही एलईडी दिवा मंद लुकलुकत राहत असेल तर ती एक खूण असू शकते. कधी इंडिकेटर असलेल्या बटणामुळेही तसं होतं, पण तपासून घ्यावं. शिवाय त्या पॉइंटला अर्थिंगची वायरच नव्हती. काकांनी सांगितलं की छतात जाणारी सगळी वायर नवी टाकायची, लाल, काळी आणि हिरवी, आयएसआय मार्कची, दीड चौरस एमएमची. मीटरच्या बाजूच्या बोर्डात फक्त एमसीबी, म्हणजे जास्त करंट ओढला की पडणारे स्विच होते, तिथे आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विचही बसवायचा. तेव्हा मला तो दोन-अडीच हजारांचा जादा खर्च वाटला. त्याची गोष्ट पुढे येईल.

मग मापं. जमिनीपासून स्लॅब नऊ फूट तीन इंच. नवं छत साडेचार इंच खाली येणार, म्हणजे उरणार आठ फूट साडेदहा इंच. पंख्याची पाती स्लॅबपासून साधारण सतरा इंच खाली होती, म्हणजे नव्या छतापासून साडेबारा इंच राहणार होती. वारा खेळायला तेवढं अंतर पुरेसं होतं, त्यामुळे पंख्याची दांडी बदलावी लागली नाही. पंखा स्लॅबच्या हुकालाच टांगलेला राहतो, नव्या छताला फक्त दांडीपुरतं भोक पडतं आणि वरची वाटी खाली सरकवली की ते झाकतं. ही गोष्ट कारागिराला पहिल्याच दिवशी बजावून सांगा.

आता दिवे किती आणि कुठे, हा सगळ्यात मोठा प्रश्न होता. सीलिंगवाल्या कंत्राटदाराने मोबाइलवर डिझाइन दाखवलं, त्यात बारा दिवे होते, दोन पायऱ्यांचं छत आणि कडेने निळी पट्टी. मी एक आठवडा मागून घेतला. आम्ही खडूने जमिनीवरच दिव्यांच्या जागा आखल्या. दिवा छतात असला तरी त्याचा उजेड पडतो तो आईच्या भाजीच्या ताटावर, मुलाच्या वहीवर, दारातल्या चपलांवर. त्या जागा आधी, छताचं डिझाइन नंतर. लांबीच्या बाजूने दोन, सहा, दहा आणि चौदा फुटांवर एकेक दिवा, अशा दोन रांगा, प्रत्येक रांग भिंतीपासून पावणेतीन फूट आत. एकूण आठ. पंख्याच्या केंद्रापासून सर्वांत जवळचा दिवा साडेतीन फुटांच्या आसपास येत होता. चार फुटी पंख्याची पाती केंद्रापासून दोन फुटांपर्यंत जातात, म्हणजे एकही दिवा पात्यांच्या वर येत नव्हता. मला हीच खात्री हवी होती. बारा दिव्यांच्या डिझाइनमध्ये दोन दिवे नेमके पात्यांवर आले होते, म्हणजे आईचं गरगरणं तसंच राहिलं असतं.

आणखी एक गोष्ट आईमुळेच कळली. तिला दुपारी खिडकीजवळच्या दिवाणावर पडायची सवय आहे. तिला तिथे आडवं व्हायला सांगितलं, आणि चौदा फुटांच्या खुणेवर मुलाने हात उंच करून मोबाइलचा टॉर्च धरला. उजेड थेट डोळ्यांत. मग तो एक दिवा फूटभर उशाकडे सरकवला, पंधरा फुटांवर नेला, आणि त्याला बटणही वेगळं द्यायचं ठरवलं. कंत्राटदार म्हणाला, लाइन तुटेल, वाईट दिसेल. मी म्हटलं, दिसू दे. आजवर घरी आलेल्या एकाही माणसाच्या ते लक्षात आलेलं नाही. तुमच्या घरात कोणी आजारी किंवा वयस्कर असेल, पाळण्यातलं बाळ असेल, तर दिव्यांच्या जागा पक्क्या करण्याआधी त्यांच्या जागी स्वतः आडवं पडून वर बघा.

उजेडाचा रंग ठरवायला तीन साधे बल्ब आणले, ३०००, ४००० आणि ६५०० केल्विनचे, आणि जुन्या होल्डरला दोन-दोन संध्याकाळी लावून बघितले. ६५०० चा पांढराशुभ्र उजेड आईला बोचायला लागला. ३००० चा पिवळसर उजेड मला फार आवडला, पण त्यात पोथीची अक्षरं तिला नीट लागेनात. ४००० वर एकमत झालं. खर्च साडेतीनशे, आणि ते बल्ब आता आतल्या खोल्यांत आहेत. हा प्रयोग जरूर करा. दुकानात सगळे दिवे एकदम पेटलेले असतात, तिथे काहीच कळत नाही.

२८ सप्टेंबरला शनिवारी लोकलने सीएसएमटी गाठलं आणि चालत लोहार चाळीत गेले. विजेच्या सामानासाठी इतकी दुकानं एका जागी मी दुसरीकडे पाहिलेली नाहीत. रविवारी जाऊ नका, बाजार बंद असतो. खोक्यावर काय वाचायचं ते काकांनी मला कागदावर लिहून दिलं होतं: वॉट, लुमेन (उजेड किती), केल्विन (उजेडाचा रंग), किती व्होल्टपर्यंत चालतो, सीआरआय (त्या उजेडात रंग किती खरे दिसतात), बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्युरोची खूण आणि कटआउटचं माप. दिव्याचा बाहेरचा व्यास वेगळा आणि कटआउट, म्हणजे भोकाचं माप, वेगळं असतं. दोन कंपन्यांचे सारख्याच वॉटचे दिवे बाजूला ठेवले तर कटआउटमध्ये अर्ध्या इंचाचा फरक निघाला. मी १० वॉटचे, साडेतीन इंच कटआउटचे, एलईडी थोडी खोल बसलेली असते असे दिवे घेतले. खोल असल्यामुळे उजेड आडवा डोळ्यांत जात नाही आणि पंख्याच्या पात्यांवरही फारसा पडत नाही. दुकानदाराला एक दिवा पेटवायला लावून मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहिला. स्वस्तातल्या एका दिव्यावर स्क्रीनवर काळे पट्टे सरकत होते, म्हणजे तो डोळ्यांना न कळता लुकलुकत होता. तो बाजूला ठेवला. आठ लागणार होते, नऊ घेतले. एक दिवा दोन वर्षांनी गेला तर त्याच मापाचा आणि त्याच रंगाचा मिळेलच असं नाही. ४२० रुपयांप्रमाणे नऊ दिव्यांचे ३,७८० झाले.

सोसायटीचा भाग मला सगळ्यात किचकट वाटला होता, पण कागद पूर्ण असले की तो सरळ जातो. ५ ऑक्टोबरला अर्ज दिला. त्यात कामाचं स्वरूप, स्लॅब किंवा भिंत फोडणार नाही हे स्पष्ट वाक्य, अंदाजे तारखा, कंत्राटदाराचं नाव आणि वायरमनच्या परवान्याची प्रत होती. कारागिरांच्या आधार कार्डांच्या प्रती नंतर मागितल्या, त्या आधीच जोडल्या असत्या तर एक फेरी वाचली असती. कमिटीची बैठक दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, १३ तारखेला झाली. सेक्रेटरींनी एकच प्रश्न विचारला, स्लॅबला गळती आहे का? गळती असताना खाली छत केलं तर ती झाकली जाते आणि आतल्या आत सळ्या गंजतात. आम्ही काठीने ठोकून पूर्ण स्लॅब तपासला, कुठेही बोदा आवाज आला नाही, डागही नव्हता. १५ ऑक्टोबरला परवानगीचं पत्र मिळालं. १०,००० रुपये परत मिळणारी अनामत, १,५०० डेब्रिजचे, म्हणजे कामाचा राडारोडा उचलायचे, आणि कामाची वेळ सकाळी १० ते १ व दुपारी ३ ते ६. वरच्या आणि खालच्या घरी मी स्वतः जाऊन सांगून आले. खालच्या काकूंची नात बारावीला आहे, तिची चाचणी कधी ते विचारून ड्रिलिंगचा दिवस ठरवला.

परवानगी हातात आली तेव्हा दिवाळी दोन आठवड्यांवर होती. कंत्राटदार दिवाळीच्या आत देतो म्हणाला, पण त्याचे बहुतेक कारागीर उत्तर प्रदेश-बिहारचे, ते दिवाळी-छठसाठी गावी जाणार होते. अर्धवट छताखाली लक्ष्मीपूजन करायची माझी तयारी नव्हती. वाट बघायची ठरवली, आणि ते बरंच झालं.

१८ नोव्हेंबरला सोमवारी काम सुरू झालं. सामान आदल्या दिवशी आतल्या खोल्यांत हलवलं, जे हलत नव्हतं त्यावर जुन्या चादरी आणि वर प्लॅस्टिक. ड्रिलिंगच्या आधी काकांनी बटणांच्या बोर्डापासून पंख्याच्या हुकापर्यंत स्लॅबवर खडूची रुंद पट्टी आखली आणि त्या पट्टीत एकही भोक पाडायचं नाही असं कारागिरांना सांगितलं. जुन्या पाइपातली वायर तिथूनच जात असणार होती.

१९ तारखेला पत्र्याची फ्रेम उभी राहिली. भिंतीच्या कडेने चॅनल, मग चार-चार फुटांवर आडवे चॅनल, त्यांच्याखाली दीड-दीड फुटांवर सेक्शन, म्हणजे जिप्समचे बोर्ड ज्यांना स्क्रूने लागतात त्या पत्र्याच्या पट्ट्या. आणि इथे मी घरी होते म्हणून वाचलो. दीड फुटांच्या हिशोबाने एक सेक्शन बरोबर सहा फुटांवर येत होता, दुसरा पंधरा फुटांवर, म्हणजे नेमके दिव्यांच्या डोक्यावर. जिप्समचे बोर्ड लागल्यावर हे कळलं असतं तर सेक्शन कापावा लागला असता किंवा दिवा सरकवावा लागला असता. मुख्य कारागीर समजूतदार होता. त्याने ते दोन्ही सेक्शन पाच इंच बाजूला घेतले आणि शेजारी जागा रुंद झाली तिथे एकेक जादा सेक्शन टाकला. जादा पैसे घेतले नाहीत. दिव्यांच्या जागा फ्रेमच्या आधी जमिनीवर आणि भिंतीवर लिहून ठेवा, आणि फ्रेम झाल्यावर, बोर्ड लागायच्या आत, टेप घेऊन एकदा स्वतः मोजा. या सगळ्या कामातली ही अर्ध्या तासाची मोजणी मी सर्वांत मोलाची मानते.

२० तारखेला विधानसभेचं मतदान, काम बंद. २१ ला वायरिंग. काकांनी पीव्हीसी पाइपातून तीन वेगळ्या लाइन नेल्या: टीव्हीच्या बाजूचे चार दिवे, सोफ्याच्या बाजूचे तीन आणि आईचा एक. प्रत्येक जागी वीतभर वायर लोंबती ठेवली. छताच्या वर कुठेही नुसती टेप गुंडाळलेली जोडणी ठेवायची नाही, सगळे जोड डबीत, कनेक्टर लावून. बोर्ड लागायच्या आधी मी पूर्ण छताचे फोटो काढले, भिंतीला टेप लावून, म्हणजे फोटोत माप दिसेल असे. त्याच संध्याकाळी मेन बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसला.

२२ तारखेच्या पहाटे सहाला गिझरचं बटण दाबलं आणि सगळं घर अंधारात गेलं. आरसीसीबी पडला होता. वर केला, पुन्हा पडला. माझी खात्रीच झाली की नव्या वायरिंगमध्ये काही चूक आहे. काकांना फोन केला. ते म्हणाले, सगळे प्लग काढा, बटणं बंद करा आणि एकेक लावत जा. फ्रिज, टीव्ही, मिक्सर, सगळं लावून झालं, काही झालं नाही. गिझर लावला की पडायचा. दुपारी ते येऊन बघून गेले. गिझरच्या कॉइलला चीर गेली होती आणि करंट अर्थमध्ये उतरत होता, कधीपासून ते सांगता येत नाही. एमसीबी पडतो तो जास्त करंट ओढला गेला किंवा शॉर्टसर्किट झालं तर, अशी बारीक गळती त्याला कळत नाही. आरसीसीबीचं कामच ती गळती ओळखण्याचं. आमच्या बाथरूमची अर्थिंग शाबूत होती म्हणून आजवर कोणाला झटका बसला नाही. कॉइल बदलायला १,३५० रुपये लागले. तुम्ही दिवे बदला किंवा बदलू नका, घरात आरसीसीबी नसेल तर या महिन्यात बसवून घ्या. बसला असेल तर त्यावरचं टेस्टचं बटण मधूनमधून दाबून तो पडतो की नाही ते बघत जा.

त्याच दिवशी जिप्समचे बोर्ड लागले. त्यानंतरचे दहा दिवस सांगण्यासारखं फार नाही. सांध्यांवर कागदी पट्टी आणि मसाला, वाळणं, घासणं, प्राइमर, रंगाचे दोन हात. घासण्याच्या दिवशी पांढरी पूड घरभर उडते, आईला आम्ही मावशीकडे पाठवलं. श्वासाचा त्रास असलेल्या माणसाला त्या दिवशी घरात ठेवू नका.

३ डिसेंबरला दिवे बसले. होल-सॉने, म्हणजे ड्रिलला लागणाऱ्या गोल करवतीने भोकं पाडताना काकांनी आधी एका टाकाऊ बोर्डाच्या तुकड्यावर भोक पाडून दिवा बसवून पाहिला. मोठं झालेलं भोक लहान करता येत नाही. मग एकेक भोक, आत हात घालून वायर बाहेर, ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला हवी तशी वीज देणारी डबी जोडून वर सरकवली, दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगच्या क्लिपा दाबून दिवा आत ढकलला. ड्रायव्हरची डबी त्याच भोकातून वर-खाली जाते ना, हे मी आधीच पाहिलं होतं, नाहीतर पुढे तो बदलायला छत फोडावं लागतं. क्लिपांवर बोटं सांभाळा, चिमटा जोरात बसतो. काम करताना मेन बंद होता आणि काकांनी तरीही प्रत्येक वायरला टेस्टर लावला.

खर्च असा झाला: छत १७६ चौरस फूट, ८५ रुपयांप्रमाणे १४,९६०. दिवे ३,७८०, वायर २,३००, पाइप, डब्या आणि बटणं मिळून १,४५०, आरसीसीबी २,३००, काकांची मजुरी ६,५००, छताचा रंग ५,८००, डेब्रिज १,५००. लिफ्टच्या पत्र्याला चॅनल घासून ओरखडा गेला, त्याचे ५०० अनामतीतून कापले गेले. ते बरोबरच होतं, लिफ्टमध्ये आधी पुठ्ठा लावायला हवा होता. एकूण ३९,०९०, आणि गिझर धरून ४०,४४०. उरलेली अनामत ५ जानेवारीला चेकने परत आली. आठही दिवे लावले तर ८० वॉट होतात, रोज पाच तास धरले तरी महिन्याला बारा युनिट. एरवी आम्ही चारच लावतो.

त्या पहिल्या संध्याकाळी आई मावशीकडून आली. आम्ही पंखा पाचवर ठेवला होता. ती आधी छताकडे बघेल असं मला वाटलं होतं, पण तिने भिंतींकडे बघितलं, चारही भिंतींकडे, नीट. मग दिवाणावर बसून मेथीची जुडी सोडली आणि निवडायला घेतली. नववा दिवा खोक्यासकट कपाटात आहे. खोक्यावर कटआउटचं माप आणि तारीख लिहून, वायरिंगचे छापलेले फोटो लाइट बिलाच्या फाइलमध्ये लावून ठेवले आहेत.